सिडकोचे घर घेताना मुखत्यारपत्रावर भागते का?

प्रश्न : मुलाची नोकरी नांदेडला आहे. सिडकोत घर बघितलंय. विकणाऱ्याकडे शंभराच्या बाँडवर नोटरी केलेलं मुखत्यारपत्र आहे, घरपट्टी त्याच्याच नावावर येते. इसार द्यावा का?
– एक वाचक, शिरूर अनंतपाळ

उत्तर : दादा, इसार इतक्यात देऊ नका. सिडकोची घरे सहसा भाडेपट्ट्यावर असतात. जमीन सिडकोची, तुम्हाला मिळतो तो मुदतीपुरता हक्क. म्हणून मूळ करारातली मुदत आणि हस्तांतरणाची अट आधी वाचा.

मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्टच सांगितले. मूळ वाटपधारक हयात आहे का, हे विचाराच. तो वारला असेल तर ते मुखत्यारपत्र सहसा तिथेच संपते आणि सह्या वारसांच्या लागतात. असे घर घेऊन वीस वर्षांनी वारसांच्या दारात उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. फार जीव तुटतो. आणि घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे.

वाटपपत्र, मूळ करारनामा, ताबा पावती अस्सल बघा, झेरॉक्सवर जाऊ नका. मग मुलाला सिडकोच्या कार्यालयात पाठवा : नोंद कुणाच्या नावे, थकबाकी किती, हस्तांतरण शुल्क किती. ते शुल्क कोण भरणार, हे सौदाचिठ्ठीत लिहून घ्या. सिडकोची परवानगी हातात आल्यावरच दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवा. बँकेचे कर्जही या कागदांवाचून अडते.