जुना बागायती ट्रॅक्टर घेताना : इंजिन व गिअरबॉक्सच्या टिकाऊपणाची पारख

द्राक्ष, डाळिंब, संत्रा यांसारख्या फळबागांत दोन ओळींमधून सहज फिरणारा लहान ट्रॅक्टर आज गरजेचा झाला आहे. नव्या ट्रॅक्टरची किंमत अल्पभूधारकाच्या आवाक्याबाहेर असल्याने अनेक शेतकरी वापरलेला ट्रॅक्टर घेतात. हा व्यवहार बहुधा रंग, टायर आणि अवर मीटरवरील आकडा पाहून होतो. परंतु द्राक्षबागेत फळछाटणीनंतर केवड्याचा धोका असताना ट्रॅक्टर चार दिवस बंद पडला, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा चुकलेल्या फवारणीचे नुकसान कितीतरी मोठे ठरते. म्हणूनच खरेदीपूर्वी इंजिन आणि गिअरबॉक्स यांची पद्धतशीर तपासणी आवश्यक आहे.

बागेतील झीज वेगळी असते

शेतात नांगरणी करणाऱ्या ट्रॅक्टरचे टायर त्याच्या कष्टांची साक्ष देतात. बागायती ट्रॅक्टरचे तसे नसते. त्याचे बरेचसे आयुष्य फवारणीत, म्हणजे कमी वेगाने चालत पण पीटीओचे 540 फेरे सतत राखण्यात जाते. समजा, वर्षात 60 फवारण्या झाल्या आणि प्रत्येकीस 3 तास लागले, तर केवळ फवारणीचेच 180 तास होतात. पाच वर्षांत हा आकडा 900 तासांवर जातो. या काळात टायर फारसे झिजत नाहीत. इंजिन, क्लच आणि पीटीओ मात्र झिजतात. त्यामुळे चांगले टायर म्हणजे कमी वापर, हा निष्कर्ष येथे चुकीचा ठरतो.

अवर मीटरवरही पूर्ण भिस्त ठेवू नये. यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ठरलेल्या वेगाच्या निम्म्या वेगाने इंजिन चालल्यास दोन तासांच्या कामाची नोंद एकच तास होते. शिवाय मीटर बंद पडलेला किंवा बदललेला असू शकतो. क्लच व ब्रेकच्या पेडलवरील रबर, सीट आणि पीटीओ शाफ्टच्या खाचा यांची झीज मीटरवरील आकड्याशी जुळते का, हे पाहावे.

पहिला टप्पा : थंड इंजिन

तपासणी सकाळी करावी आणि आपण पोहोचण्यापूर्वी इंजिन चालू करू नये, असे विक्रेत्यास आधीच सांगावे. गेल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. गरम इंजिन चटकन सुरू होते आणि कमी झालेले कॉम्प्रेशन झाकले जाते.

1. डिपस्टिक काढून तेल पाहावे. डिझेल इंजिनातील तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. त्यात दोष नाही. तेल अगदी स्वच्छ असेल, तर ते नुकतेच का बदलले हे विचारावे. दुधी रंगाचे तेल म्हणजे त्यात पाणी मिसळल्याची खूण होय.
2. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग असल्यास किंवा इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे येत असल्यास हेड गॅस्केट वा सिलिंडर हेड सदोष असण्याची शक्यता असते. रेडिएटरच्या जाळीत औषधांचा थर व धूळ साचली असेल, तर इंजिन वारंवार तापले असावे.
3. एअर क्लीनरच्या पुढील, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून आतून बोट फिरवावे. बोटाला धूळ लागली, तर गाळणी चुकवून माती सिलिंडरमध्ये जात होती. पिस्टन रिंग व लायनर झिजवणारे याहून मोठे कारण क्वचितच असते.
4. इंजिन सुरू करून धूर पाहावा. सकाळच्या गारठ्यात क्षणभर येणारा पांढरा धूर स्वाभाविक आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. भार नसतानाही काळा धूर येत असेल, तर हवा कमी किंवा इंधन जास्त मिळत आहे.

दुसरा टप्पा : भाराखाली, गरम इंजिन

उभ्या ट्रॅक्टरचे इंजिन ऐकून निर्णय घेऊ नये. फवारणी यंत्र किंवा रोटाव्हेटर जोडून किमान अर्धा तास काम करून घ्यावे. त्यानंतर इंजिन मंद गतीवर ठेवून तेलाच्या दाबाचा दिवा पाहावा. गरम झाल्यावर दिवा लुकलुकत असेल, तर बेअरिंगची झीज किंवा तेलपंपाचा दोष संभवतो. तेल भरण्याचे झाकण सैल केल्यावर जोराचे, ठोक्यागणिक वाफारे येत असतील, तर रिंगा झिजल्या आहेत.

तिसरा टप्पा : क्लच, गिअरबॉक्स व पीटीओ

इंजिन आपले दुखणे धुरातून सांगते. गिअरबॉक्स मात्र बराच काळ मुका राहतो. त्यामुळे त्याला पुढीलप्रमाणे बोलते करावे.

1. मोकळ्या सपाट जागेत, समोर कोणीही नसताना, ब्रेक पक्के दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले, तर क्लच घसरत आहे. ही चाचणी एकदाच करावी.
2. सपाट रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये वेग वाढवून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडावा. गिअर आपोआप निसटत असेल, तर दात किंवा शिफ्टर झिजले आहेत.
3. विक्रेत्याच्या संमतीने गिअरबॉक्सच्या तळाचा नट सैल करून कपभर तेल घ्यावे. चुंबकावर बारीक करडा लेप जमणे सामान्य आहे. धातूचे कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा मिळणे गंभीर आहे. अनेक ट्रॅक्टरांत हेच तेल हायड्रॉलिकलाही जाते. त्यामुळे दुधी तेल दुहेरी धोक्याची सूचना देते.
4. इंजिन बंद असताना पीटीओ शाफ्ट हाताने हलवून पाहावा. खाचा टोकदार झाल्या असतील किंवा तेल गळत असेल, तर तो फवारणीवर किती राबला याचा अंदाज येतो.
5. चारचाकी चालनाचा ट्रॅक्टर असल्यास पुढील व मागील टायर कंपनीने ठरवलेल्या मापांचेच आहेत का, हे पाहावे. मापे न जुळल्यास पुढचा आस व गिअर यांवर सतत ताण येतो.

निर्णय कसा घ्यावा

इंजिनाचे रिंग-लायनरचे काम बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी होते. त्याचा खर्च मेकॅनिककडून आधी विचारून तो किमतीतून वजा करता येतो. गिअरबॉक्सचे तसे नाही. क्लच किंवा गिअरपर्यंत पोहोचण्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो आणि जुन्या मॉडेलचे गिअर मिळतीलच असे नसते. म्हणून इंजिनातील मर्यादित झीज वाटाघाटीचा विषय मानावी. गिअरबॉक्समधील धातूचे तुकडे व निसटणारा गिअर ही व्यवहार सोडून देण्याची कारणे मानावीत. थंड इंजिन दाखवण्यास नकार मिळाला, तर तेही उत्तरच समजावे.

मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. संबंधित मॉडेलचा चाचणी अहवाल उपलब्ध असल्यास पीटीओवरील शक्ती आणि इंधन-खप यांचे आकडे तुलनेसाठी पाहावेत. आरसी पुस्तकातील इंजिन व चासी क्रमांक जुळवून पाहावेत आणि कर्जाचा बोजा उतरला आहे का याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील एखाद्या ट्रॅक्टरवर हे तीन टप्पे प्रत्यक्ष करून दाखवावेत. एक सकाळ, एक चुंबक आणि अर्ध्या तासाचे डिझेल एवढ्या खर्चात शेतकऱ्याची वर्षांची बचत बुडण्यापासून वाचू शकते.