जुना गावनकाशा संगणकावर बसविण्याची रीत

चाकण परिसरात कारखाने उभे राहिले, रस्ते रुंद झाले, कित्येक बांध मोडले. अशा ठिकाणी आपला गट नेमका कोठे आहे, हे पाहण्यास जुना गावनकाशा फार उपयोगी पडतो. तो संगणकावर उपग्रहचित्राशी जुळवून बसविल्यास विहीर, पाइपलाइन व निचऱ्याचे चर यांची आखणी सुलभ होते. या क्रियेस भूसंदर्भीकरण म्हणतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती पुढीलप्रमाणे करावी.

1. नकाशाची निवड : 1947 च्या कायद्यानुसार जेथे एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले. म्हणून सातबाऱ्यावरील नंबराशी जुळणारा नकाशाच घ्यावा.

2. प्रतिमा : कागद सपाट ठेवून इंचास 300 ठिपके या प्रमाणात स्कॅन करावा. मोबाइलने तिरपे छायाचित्र घेऊ नये.

3. खुणा : कागदावर व जमिनीवर दोन्हीकडे निश्चित सापडतील अशा किमान सहा खुणा निवडाव्यात. जुने देऊळ, बांधीव विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड, या खुणा उत्तम होत. रुंद झालेल्या रस्त्याची कडा किंवा ओढ्याचे वळण घेऊ नये. खुणा चारही कोपऱ्यांत विखुरलेल्या असाव्यात. एका बाजूस गोळा झाल्यास दुसरी बाजू सरकते.

4. जुळणी : क्यूजीआयएस ही प्रणाली विनामूल्य मिळते. तीत प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश भरावेत. मीटरमध्ये मोजण्यासाठी पुणे जिल्ह्याकरिता यूटीएम पद्धतीचा 43 उत्तर हा पट्टा निवडावा. रूपांतर पहिल्या घाताचे ठेवावे. जुना कागद उभा व आडवा कमीअधिक आकसतो, तो फरक त्यात सामावतो. वरच्या घाताच्या रूपांतरात नकाशा खुणांपाशी ओढून जुळविला जातो व चूक झाकली जाते.

5. पडताळा : आणखी दोन खुणा जुळणीत न घेता राखून ठेवाव्यात व शेवटी त्या किती मीटरने चुकतात ते पाहावे. हीच खरी परीक्षा होय.

आता मर्यादेविषयी. 1:10,000 प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर 5 मीटर रुंद होते. 100 मीटर लांबीच्या बांधावर हा फरक 500 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 5 गुंठे भरतो. ज्या भागात गुंठ्यागुंठ्यावर व्यवहार ठरतात, तेथे ही बाब लहान नव्हे. सबब शेतकरी बंधूंनी पडद्यावरील रेघ पाहून बांध सरकवू नये, शेजाऱ्याशी तंटा करू नये व खरेदीखतही करू नये. हद्दीविषयी शंका असल्यास तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. संगणकावरील नकाशा शेतीच्या नियोजनासाठी आहे. हद्द ठरते ती रीतसर मोजणीनेच.