टेम्पोत मोटारसायकल बांधण्याची रीत

व्यापारी बंधूंनो, या पानावर बहुधा भाव, जकात, उधारी असे विषय येतात. आज दोरीविषयी लिहीत आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, लातूर या रस्त्याने आपल्यापैकी अनेकांचा माल पिकअपमधून जातो. कपड्याच्या गठ्ठ्यांबरोबर कुणाची मोटारसायकल, कुणाचे शिलाई मशीन हौद्यात चढते. चढवणे सर्वांना येते. बांधणे फार थोड्यांना येते, आणि मलाही येत नव्हते.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंगचे शिक्षण पूर्ण करून एका नातेवाईकाचा मुलगा लातूरला परतत होता. माझी गाडी तिकडे जातच होती, म्हणून त्याची मोटारसायकल मी हौद्यात घेतली. साइड स्टँडवर उभी केली, आरसा आणि मागच्या कॅरिअरला नायलॉनची दोरी गुंडाळली आणि दुकानातल्या पोराला म्हणालो, "मागे बस, धरून राहा." लोह्याच्या अलीकडे गतिरोधक आला. पुढचे शॉक दबले, दोरी सैल झाली, स्टँड घसरला आणि गाडी त्या पोराच्या पायावर आली. टाकीतले पेट्रोल लग्नाच्या ऑर्डरच्या दोन गठ्ठ्यांत झिरपले. कपड्याचा तोटा मी भरून दिला. पण पोराचा घोटा दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडणार? गाडी उचलायला थांबलेला एक वयस्क ड्रायव्हर म्हणाला, "मियाँ, गाडी कहाँ बांधे? तुम तो स्टँड बांधे." आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, ही तालीम आपण लहानपणी मदरशात ऐकलेली, मी मात्र उंट पोराच्या हाती दिला होता. पुढे त्याच ड्रायव्हरकडून आणि दोन मिस्त्रींकडून जे शिकलो ते येथे देतो.

पहिली गोष्ट स्प्रिंगची. मोटारसायकल म्हणजे कपाट नव्हे. तिच्या पुढेमागे शॉक आहेत. स्प्रिंग सैल असताना दोरी कितीही ताणा, पहिल्या खड्ड्यात स्प्रिंग दबते, क्षणभर दोरीतला ताण जातो आणि हुक कडीतून निसटतो. म्हणून बांधतानाच स्प्रिंग थोडी दाबून ठेवायची. एकाने हँडलवर भार द्यावा, दुसऱ्याने पट्टा आवळावा. साधारण निम्मी दबली की पुरे. पूर्ण दाबली तर शॉकचे ऑइल सील जाते आणि दुरुस्तीचा खर्च भाड्याहून जास्त होतो. काश्मीरात गुलमर्गला बर्फावर चालणाऱ्या स्कूटर आहेत, परदेशात त्या ट्रॉलीवर नेतात. तेथेही हाच कायदा: पुढच्या दोन घसरपट्ट्यांवरून आडवा दांडा टाकून तो बोल्टने ट्रॉलीला आवळतात आणि मागचा भाग पट्ट्याने खाली ओढून स्प्रिंग दाबतात.

आता चढवणे. टेम्पो सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला. रुंद फळीचे वरचे टोक हौद्याला बांधून घ्या, नाही तर चाकाच्या जोराने फळीच मागे सरकते. इंजिन बंद ठेवून दोघांनी गाडी ढकलत न्यावी, स्वार होऊन चढवण्याची शेखी नको. पुढचे चाक केबिनकडच्या पाट्याला टेकवून हौद्याच्या मधोमध उभे करा. गिअर पहिला, पेट्रोल कमीत कमी, जुन्या गाडीला कॉक असेल तर बंद. साइड स्टँड आणि मोठा स्टँड दोन्ही वर. गाडी आपल्या दोन चाकांवरच सरळ उभी राहिली पाहिजे.

पट्टे चार. हँडलच्या खाली शॉक धरून ठेवणारी लोखंडी पट्टी असते, तिथून दोन पट्टे पुढे व बाहेर, डावीउजवीकडे तिरपे खाली. मागे चेसिसपासून दोन, मागे व बाहेर तिरपे. आरसा, इंडिकेटर, सायलेन्सर, ब्रेकची तार यांना हात लावायचा नाही. तिरपेपणा साधारण ४५ अंश. अगदी आडवा पट्टा गाडीला खाली दाबत नाही, आणि अगदी उभा पट्टा तिला पुढेमागे सरकण्यापासून रोखत नाही.

जोर किती लागतो? अमेरिकेत माल बांधण्याचा नियम असा, की ब्रेक लागताना वजनाच्या ०.८ पट आणि वळणावर वजनाच्या निम्म्या जोराला बांधणी टिकली पाहिजे. आपल्याकडची साधी मोटारसायकल सुमारे ११२ किलोची धरा. म्हणजे ब्रेकला ती ९० किलोच्या, वळणावर ५६ किलोच्या जोराने ओढते. पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात एवढा जोर असतो का, हे मी त्या दिवशी विचारायला हवे होते.

दोरीविषयी आपल्याला वेगळे सांगायला नको, सूत हाच आपला धंदा. नायलॉन ताणले जाते, पावसात भिजले की आणखी. पॉलिएस्टर कमी ताणते, म्हणून पॉलिएस्टरचा, दात्यांच्या खटक्याने आवळणारा पट्टा घ्यावा. त्यावर तुटण्याचा भार आणि वापरण्याचा भार असे दोन आकडे असू शकतात, आपण वापरण्याचाच पाहायचा. पट्टा पत्र्याच्या धारेवरून जात असेल तर खाली पोत्याचा तुकडा किंवा चिंध्या घाला. त्या तर आपल्या दुकानात फुकट आहेत.

गठ्ठ्यांचे थोडक्यात. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यातला गठ्ठा लोखंडी पत्र्यावर साबणासारखा घसरतो. खाली तागाची पोती किंवा रबर अंथरा. जड माल खाली व केबिनला भिडवून, मध्ये फट नको. गठ्ठे आणि मोटारसायकल यांच्यामध्ये लाकडी फळी उभी करा. ताडपत्री ही पावसासाठी आहे, तिला बांधणी समजू नये. दोन चाकांच्या ट्रॉलीत वजन आसाच्या किंचित पुढे ठेवा. मागे गेले की जोडणी वर उचलली जाते आणि ट्रॉली रस्त्यावर डुलू लागते. शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड आणि वरचे डोके वेगळे करावे, पट्टा व सुई काढून डोके गाठोड्यात आडवे बांधावे. पायट्यावरून दोरी ओढली तर बीड तडकते.

निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर एकदा थांबा. माझ्या रस्त्यावर ते ठिकाण विष्णुपुरीच येते. तोवर माल बसलेला असतो आणि चारपैकी एखादा पट्टा नक्की सैल सापडतो. हौद्यात माणूस बसवू नका, कितीही जवळचा रस्ता असो. माल हौद्याबाहेर काढू नका; २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात त्याला २०,००० रुपये दंड आहे, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

उतरवताना घाई करतात, तेथेही गाडी पडते. मागचे दोन पट्टे आधी सोडा. एकाने हँडल आणि पुढचा ब्रेक धरल्याशिवाय पुढच्या पट्ट्याला हात लावू नका, कारण दाबलेली स्प्रिंग सुटताच गाडी उसळते. मग पुढचे दोन्ही हळूहळू, आलटूनपालटून सैल करा.