बंदीचा हुकूम आणि इसाराचे पैसे

सहल रद्द झाली तर नुकसान कोणी सोसायचे?

व्यापार पानावर आपण आजवर कापूस, किराणा, शिलाई, वेल्डिंग अशा धंद्यांचा हिशेब मांडत आलो. आज विषय थोडा वेगळा आहे. वर्ध्याला समुद्र नाही. मग समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या सहलीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील तरुण मे महिन्याच्या सुटीत गट करून मालवण-तारकर्लीला जातात. त्यांची गाडी आपलाच कोणी भाऊ लावतो, टी-शर्ट आपलाच कोणी छापतो, शिदोरी आपलाच कोणी बांधून देतो आणि पुष्कळदा सहलही आपल्यातलाच कोणी काढतो. अशा वेळी सरकारी हुकूम निघतो, समुद्रातील खेळ बंद होतात आणि इसारापोटी दिलेले पैसे अडकतात. पैशांपाठोपाठ जुने संबंधही तुटतात. म्हणून हा धडा ग्राहक आणि विक्रेता दोघांच्याही उपयोगाचा आहे.

बंदी तीन प्रकारची

पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणे याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण व तारकर्लीच्या किनाऱ्यावर हा धंदा गेल्या काही वर्षांत खूप वाढला. अशा जलक्रीडांवर महाराष्ट्र सागरी मंडळ व जिल्हा प्रशासन यांचे नियंत्रण असते. तेथे होणाऱ्या बंदीचे तीन प्रकार ओळखून घ्यावेत, कारण पैशाचा न्याय प्रत्येक प्रकारात वेगळा आहे.

पहिली, ठरलेली बंदी. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पाणी गढूळ होते. म्हणून साधारण मेअखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. आपल्याकडे बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो, तसाच हा प्रकार. ही बंदी कोणालाही आधी विचारून कळू शकते.

दुसरी, अचानक आलेली बंदी. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस नेहमीपेक्षा बराच आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात पोचला. मार्च २०२० मध्ये तर सारा देशच टाळेबंदीत गेला. यात ग्राहकाचा दोष नाही आणि विक्रेत्याचाही नाही.

तिसरी, परवान्याअभावी किंवा सुरक्षेअभावी आलेली बंदी. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंगहून पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. अशा घटनांमुळेच परवाना, बोटीची क्षमता, लाइफ जॅकेट यांची तपासणी लागते. एखाद्याची बोट विनापरवाना म्हणून थांबवली गेली, तर तो ‘सरकारने बंद केले’ असे सांगून सुटू शकत नाही. तो त्याचा स्वतःचा दोष आहे.

कायदा काय सांगतो

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, पण आजही आपला प्रत्येक सौदा त्याच्याच चौकटीत बसतो. त्याच्या कलम ५६ प्रमाणे, करार झाल्यानंतर ते काम करणे अशक्य किंवा बेकायदा झाले तर करार रद्दबातल होतो. कलम ६५ प्रमाणे, अशा रद्दबातल कराराखाली ज्याने लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. म्हणजे अचानक बंदी आली, तर ‘इसार दिला तो बुडाला’ हा बाजारातील समज कायद्याला आपोआप मान्य नाही.

कलम ५६ चा शेवटचा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. काम अशक्य किंवा बेकायदा आहे हे वचन देणाऱ्याला माहीत होते, किंवा थोडी चौकशी केली असती तर कळले असते, आणि समोरच्याला मात्र ते माहीत नव्हते, तर वचन देणाऱ्याने नुकसानभरपाई द्यावी लागते. जून महिन्यातील स्कूबाची सहल विकणारा एजंट याच कलमात सापडतो. वार्षिक बंदीची चौकशी करणे हे त्याचे काम होते.

पण दुसरी बाजूही पाहावी. प्रत्येक अडचण म्हणजे अशक्यता नव्हे. सत्यव्रत घोष विरुद्ध मगनीराम बांगर या खटल्यात कलकत्त्याजवळील वसाहतीची जमीन युद्धकाळात सरकारने लष्करासाठी ताब्यात घेतली होती. कंपनी म्हणाली, करार संपला. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ते मानले नाही. अडथळा तात्पुरता होता आणि कराराचा पायाच त्यामुळे उखडला गेला नव्हता, असा त्याचा आशय आहे. म्हणून दोन दिवसांसाठी समुद्र बंद असेल आणि सहल आठवडाभर पुढे ढकलणे दोघांना सोयीचे असेल, तर भांडण्यापेक्षा तारीख बदलणे शहाणपणाचे.

एक हिशेब

समजा, हिंगणघाटच्या बारा तरुणांनी मालवणची सहल ठरवली आणि एजंटाला ५०,००० रुपये इसार दिला. त्यातून त्याने मिनीबसला १२,०००, लॉजला २०,००० आणि स्कूबाच्या बोटीला १८,००० दिले. निघण्याच्या आदल्या दिवशी जलक्रीडा बंद झाल्या. रस्ता आणि लॉज मात्र चालू आहेत.

पावतीवर ही तीन कलमे वेगळी लिहिली असतील तर वाद लहान होतो. बंदी फक्त स्कूबावर आहे, म्हणून १८,००० परत मागायचे. उरलेल्या सहलीला जायचे की नाही हे गटाने ठरवायचे. पावतीवर नुसते ‘सहलीचे ५०,०००’ लिहिले असेल तर मात्र गट म्हणतो, आम्ही स्कूबासाठीच चाललो होतो, सर्व पैसे द्या. एजंट म्हणतो, बस आणि लॉज तयार आहे, एक पैसा मिळणार नाही. दोघेही आपल्या जागी खरे वाटतात आणि वर्षानुवर्षांची ओळख एका दिवसात संपते. चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर हे टळले असते.

आता टी-शर्ट छापणाऱ्या कारागिराचे पाहू. त्याने बारा टी-शर्ट छापून ठेवले. सहल रद्द झाली म्हणून एजंट ते नेत नाही. येथे लक्षात ठेवावे की बंदी समुद्रातील खेळावर आहे, छपाईवर नाही. कारागिराने आपले काम पूर्ण केले; त्याचे पैसे देणे लागते. सहलीचा करार आणि छपाईचा करार हे दोन वेगळे सौदे आहेत. मोठ्याचे नुकसान लहान कारागिराच्या गळ्यात घालणे कायद्यातही बसत नाही आणि दीनमध्येही.

उमरा आणि हजचा अनुभव

आपल्या समाजाने हा धडा २०२० मध्ये जवळून अनुभवला. २७ फेब्रुवारी २०२० रोजी सौदी सरकारने परदेशी उमरा यात्रेकरूंचा प्रवेश थांबवला. सामान बांधून बसलेली माणसे घरीच राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये बाहेरच्या देशांतील हाजींना हजसाठी येता येणार नाही हे स्पष्ट झाले, तेव्हा हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची भरलेली रक्कम कोणतीही कपात न करता परत करण्याचा निर्णय भारत सरकारने घेतला. विमान तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निर्णय दिला. टाळेबंदीत काढलेल्या, टाळेबंदीतीलच प्रवासाच्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करावेत, आणि एजंटामार्फत तिकीट काढले असेल तर कंपनीकडून आलेली रक्कम एजंटाने लगेच प्रवाशाला द्यावी, असे त्यात होते. एजंट बंधूंनी यातून हे घ्यावे की वरून परत आलेला पैसा आपल्या गल्ल्यात थांबवणे हा व्यवसाय नव्हे.

शरियतची नजर

सूरह बकराच्या एका दीर्घ आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे, हे आपण सारे जाणतो. पाळतो किती जण?

इसाराला फिक्हमध्ये ‘उर्बून’ म्हणतात. खरेदीदार मागे फिरला तर इसार ठेवून घेणे हनफी, मालिकी व शाफई मतानुसार जायज नाही. इमाम अहमद बिन हंबल यांच्या मतात त्याला मुभा आहे. पण हा सारा मतभेद खरेदीदार स्वतः मागे फिरल्याच्या वेळचा आहे. सरकारी बंदीत तर खरेदीदार मागे फिरलेलाच नसतो. मग त्याचा इसार जप्त करण्याला आधार आणखीच कमी राहतो. शिवाय ‘इकाला’, म्हणजे समोरचा अडचणीत असता राजीखुशीने सौदा सोडून देणे, हे मोठे पुण्याचे काम सांगितले आहे. आपल्या विशिष्ट व्यवहाराबाबत आलिमांना जरूर विचारावे.

ध्यानात ठेवण्यासारखे

१. पैसे देण्याआधी तारीख बंदीच्या काळात येते का, आणि बोटवाल्याकडे परवाना आहे का, हे विचारा.

२. पावतीवर प्रवास, मुक्काम, जेवण आणि खेळ यांची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या.

३. ‘सरकारी आदेशाने काम बंद पडल्यास’ अशी एक ओळ आधीच ठरवा: किती पैसे, किती दिवसांत परत, प्रत्यक्ष झालेला खर्च कोणी सोसायचा, तारीख बदलता येईल का.

४. विक्रेत्याने ग्राहकाचे पैसे घरखर्चात मिसळू नयेत. सहल संपेपर्यंत ती अमानत आहे.

५. बंदीच्या आदेशाची प्रत, संदेश आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा.

६. तोडगा निघाला नाही तर आधी लेखी मागणी करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. म्हणजे मालवणच्या सहलीसाठी वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

शेवटी एकच सांगणे. बंदी जीव वाचवण्यासाठी असते. गिऱ्हाईक हातचे जाईल म्हणून चोरून बोट सोडणाऱ्याच्या मागे जाऊ नका आणि इतरांनाही नेऊ नका. बुडालेला इसार पुन्हा कमावता येतो, बुडालेला माणूस परत येत नाही. ज्या एजंटाने बंदीच्या वर्षी हिशेब चोख केला, त्याच्या दारात पुढच्या वर्षी तोच गट पुन्हा येतो. बाजारात यालाच पत म्हणतात.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.