गिटहबवरून प्रोजेक्ट दुसरीकडे नेताना: कोड जातो, पत्ता मागे राहतो

बिलिंग सॉफ्टवेअरच्या व्हिडिओनंतर क्लासमध्ये एक प्रश्न सारखा येतोय: "सर, आपला ओपन सोर्स प्रोजेक्ट गिटहबवर आहे. तो गिटलॅबवर किंवा कोडबर्गवर न्यायचा तर काय करायचं?" उत्तर दोन ओळींचं आहे. त्याच दोन ओळींच्या भरवशावर मी तोंडघशी पडलो, म्हणून आधी ते सांगतो.

आमच्या दुकानाचं बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर मी सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय. माझ्याशिवाय माजलगाव आणि गेवराईकडची सहा दुकानं ते वापरतात. त्यात जीएसटीच्या दरांची वेगळी फाईल आहे. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की सॉफ्टवेअर ती फाईल रेपोमधून ताजी ओढून घेतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मी रेपो नव्या जागी हलवला. जुना तसाच सोडून दिला, ना पाटी लावली ना कुलूप.

मग २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले. केसांचं तेल आणि अंगाचा साबण १८ टक्क्यांवरून ५ वर, तूप आणि पॅकबंद फरसाण १२ वरून ५ वर. मी आदल्या रात्री नव्या रेपोत दर बदलले आणि निवांत झोपलो. पण सहापैकी चार दुकानांचे कॉम्प्युटर अजून जुन्याच पत्त्यावर जात होते. तिथं जुनी फाईल जागेवर होती, त्यामुळे एरर नाही, लाल अक्षर नाही, काहीच नाही. चार दिवस तेलाच्या बाटलीचं बिल १८ टक्के धरूनच निघत राहिलं. एका ताईंनी दोन दुकानांची बिलं शेजारी शेजारी ठेवून विचारलं, तेव्हा कळलं. बिलं दुरुस्त करणं एक वेळ जमतं. पण रोखीनं दोन वस्तू घेऊन गेलेलं गिऱ्हाईक शोधायचं कुठं?

आता त्या दोन ओळी. पहिली कमांड "गिट क्लोन" आणि तिला "मिरर" हा पर्याय जोडायचा. दुसरी "गिट पुश", पुन्हा "मिरर"सह, नव्या पत्त्यावर. व्हिडिओत टाईप करून दाखवलंय. यानं सगळ्या ब्रँच, सगळे टॅग आणि पहिल्या दिवसापासूनचा बदलांचा इतिहास जसाच्या तसा जातो. एक जपा: नवा रेपो पूर्ण रिकामा बनवा, त्यात रीडमी फाईलसुद्धा नको. मिरर पुश समोर जे असेल ते पुसून आपलं लिहितो, विचारत बसत नाही.

गिटमध्ये प्रत्येक क्लोन म्हणजे पूर्ण खातेवही असते, नुसतं शेवटचं पान नाही. म्हणून कोड हलवणं इतकं सोपं. अडचण असते ती गिटच्या बाहेरच्या गोष्टींची. बिऱ्हाड म्हणजे काय हे बीडच्या माणसाला शिकवायला नको. दसरा-दिवाळीनंतर उसतोडीला गाड्या निघतात, भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढतात, पण लेकरांची शाळा गावातच राहते. रेपोचंही तसंच आहे. लोकांनी नोंदवलेल्या अडचणी म्हणजे इश्यू, त्यांखालची चर्चा, पुल रिक्वेस्ट, रिलीजला जोडलेल्या तयार फाइली, हे सगळं त्या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये असतं. ते मिररबरोबर येत नाही. गिटहबचा विकी हा स्वतंत्र गिट रेपो असतो, तो वेगळा क्लोन करावा लागतो. मोठ्या फाइली एलएफएसमध्ये ठेवल्या असतील तर त्याही वेगळ्या ओढाव्या लागतात.

यावर उपाय म्हणजे नव्या जागेचा इम्पोर्टर. गिटलॅब आणि कोडबर्ग दोघांकडे तो आहे. गिटहबचा अ‍ॅक्सेस टोकन दिला की कोड, इश्यू, लेबल वगैरे तोच आणतो, मग मिररची गरज उरत नाही. काम झालं की टोकन रद्द करा, हे लोक हमखास विसरतात. आणि आलेलं सगळं उघडून बघा. जुन्या चर्चेतली माणसं नव्या जागी नसतील तर त्यांचं बोलणं तुमच्याच नावावर दिसू शकतं. रिलीजच्या फाइली तर एकेक डाउनलोड करून तपासा. पासवर्डसारखी सिक्रेट्स कुठलाच इम्पोर्टर आणत नाही, आणि आणूही नयेत.

कोणी म्हणेल, गिटहब एवढं मोठं, मग हलवायचंच कशाला? मंडळी, गुगल कोडही मोठंच होतं. १२ मार्च २०१५ ला गुगलनं ते बंद करायचं जाहीर केलं, त्याच ऑगस्टमध्ये ते फक्त वाचण्यापुरतं उरलं आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद झालं. बिटबकेटनं २०२० मध्ये मर्क्युरियलचे रेपो काढून टाकले. २०१४ च्या डिसेंबरमध्ये तर मुंबई एटीएसच्या मागणीवरून देशात ३२ वेबसाइट बंद करायचा आदेश निघाला. त्यात गिटहबची गिस्ट सेवा होती आणि इंटरनेट आर्काइव्हसुद्धा. काही दिवसांत बऱ्याच साइट सुरू झाल्या, पण तेवढे दिवस ज्याचं काम तिथं अडकलं त्यानं काय करायचं?

आपल्या मराठीच्या जवळचं उदाहरण लोहित फाँटचं. मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. रेड हॅटनं ते २००४ मध्ये जीपीएल लायसन्सखाली खुले केले, पुढे २०११ मध्ये लायसन्स बदलून एसआयएल ओपन फाँट लायसन्स केलं. नंतरचं बरंच काम रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी केलं. त्याचा सोर्स फेडोराहोस्टेडवर होता. ती सेवा मार्च २०१७ मध्ये बंद झाली आणि लोहित पॅगुरवर गेला. आता फेडोरानं पॅगुरही सोडून फोर्जेहो घ्यायचं डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलं. म्हणजे एकाच फाँटच्या आयुष्यात हलवाहलवीची ही दुसरी वेळ. फाँट बिघडला नाही, कारण लायसन्स खुलं होतं आणि इतिहास गिटमध्ये होता. पण जुन्या पॅकेजमध्ये, जुन्या लेखांत फेडोराहोस्टेडचाच पत्ता छापलेला आहे. तो कोण बदलणार?

माझ्या चार कॉम्प्युटरचं दुखणं हेच होतं. गिटहबच्या आत रेपोचं नाव बदललं किंवा दुसऱ्या खात्यावर दिला, तर गिटहब जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप पाठवतं. गिटहब सोडून गेलात तर तशी सोय नाही. मला वाटायचं जुना रेपो आर्काइव्ह करून टाकला की झालं. आर्काइव्ह केल्यावर रेपो फक्त वाचता येतो, पण फाईल देत राहतोच, आणि जुनी फाईल मुकाट्यानं देत राहणं हे बंद पडण्यापेक्षा वाईट. बंद पडलं तर दुकानदार फोन तरी करतो.

आता मी क्रम बदललाय. आधी जुन्या पत्त्यावरूनच एक शेवटचा अपडेट द्यायचा, ज्यात सॉफ्टवेअरच्या आत नवा पत्ता घातलेला असेल. मग निदान तीन महिने दर दोन्हीकडे भरायचे. गिटमध्ये एका रिमोटला दोन पुश पत्ते लावता येतात, एका कमांडमध्ये दोन्हीकडे जातं. त्यानंतर जुन्या रीडमीत सगळ्यात वर नवा पत्ता लिहायचा आणि मगच आर्काइव्ह करायचं. आधी आर्काइव्ह केलंत तर रीडमी बदलताच येत नाही, पुन्हा उघडा, पुन्हा बंद करा. गिटहबचं खातं मात्र डिलीट करू नका. खात्याचं नाव मोकळं झालं की दुसरा कोणी ते घेऊ शकतो, आणि तुमच्या गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर त्याची फाईल ओढू शकतील.

अजून दोन गोष्टी केल्या. दराच्या फाईलमध्ये तारीख टाकली. तीस दिवसांपेक्षा जुनी फाईल मिळाली तर बिलाच्या खिडकीवर पिवळी पट्टी येते. त्यामुळे दर बदललेले नसले तरी महिन्याच्या आत तारीख पुढे करावी लागते, ते मी एक तारखेला करतो. आणि सॉफ्टवेअरमधला पत्ता आता माझ्या स्वतःच्या डोमेनचा आहे, तिथून ते रेपोकडे जातं. उद्या पुन्हा बिऱ्हाड हलवलं तर एकाच ठिकाणी बदलायचं. डोमेनचे पैसे दरवर्षी भरायचे, एवढाच खर्च.

सहाही दुकानांत स्वतः जाऊन कॉम्प्युटर तपासले. गेवराईच्या एका दुकानात मागच्या खोलीत सातवा कॉम्प्युटर निघाला, फक्त दिवाळीत वापरतात तो. तो अजून ऑगस्टच्या आधीच्याच पत्त्यावर होता.