पावसाळ्यातली पिळणी

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत जून ते सप्टेंबर कपडे घरातच वाळतात. चार पावसाळे हिशेब ठेवून जे कळलं, ते लिहिते.

१. पिळणीचा वेग कमी ठेवला की वीज वाचते, हा माझा समज चुकीचा होता. बॅगा तोलायच्या काट्याला कपडे लावून पाहिले. चार किलो सुके सुती कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळले तर पावणेसात किलो भरले, १४०० वर सहा. पाऊण लिटर पाणी जास्तीचं निघालं! एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६५ युनिटाइतकी उष्णता लागते. एप्रिलमध्ये ती ऊन देतं. जुलैत आम्ही ७५ वॅटचा पंखा रात्रभर कपड्यांवर सोडायचो. दहा तासांना पाऊण युनिट. जादा फेऱ्यांसाठी मोटरला लागते ती वीज त्यापुढे अगदी किरकोळ.

२. वेग दुप्पट झाला की पाणी बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. तरी धाग्यात मुरलेलं पाणी शेवटी हटूनच बसतं, म्हणून १२०० च्या पुढे फायदा आटत जातो. केवळ १४०० आकड्यासाठी मी जास्त पैसे मोजणार नाही.

३. टॉवेल, चादरी, जीन्स यांना पूर्ण वेग. रेशमी आणि सिंथेटिक कपड्यांना कमीच, नाहीतर चुण्या पडतात आणि वाचलेली वीज इस्त्रीत जाते.

४. सकाळी घाईत दमट गणवेश इस्त्रीने वाळवणं सगळ्यात महाग. हजार वॅटची इस्त्री तेव्हा पाणी उकळत असते, आणि कापडही करपतं.

५. एकटी जड चादर टाकली तर भार एका बाजूला जातो आणि यंत्र पूर्ण वेग घेतच नाही. सोबत दोन टॉवेल टाकावेत.

६. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर चढतो, ३०० नंतर आणखी. आमचं पावसाळी बिल ३०० च्या काठावर असतं, म्हणून रोजचं अर्धं युनिटही मला मोठं वाटतं.

७. सासूबाईंनी त्यांचं सेमी-ऑटोमॅटिक मोडीत काढू दिलं नाही. त्याच्या पिळायच्या टाकीला आपण ड्रायर म्हणतो, पण त्यात गरम काही नसतं. असतो तो नुसता वेग, बऱ्याचदा १३०० च्या आसपास. आमच्या गोधड्या अजून त्यातच पिळल्या जातात.