असन्निधानाच्या वर्षातील कृपा

वर्ष सरत आले की संसारी मनुष्य मागचा हिशेब मांडू लागतो. व्यापारी दिवाळीच्या पाडव्यास वही बदलतो. शेतकरी खळे आटोपल्यावर धान्याचा अजमास घेतो. आणि ज्या घरी वर्षभरात पीक बुडाले, दुखणे आले किंवा घरातले माणूस गेले, त्या घरी बोलणे ओघानेच परमेश्वरावर येते. कोणी म्हणतो, यंदा देव कोपला. शेजारी ज्याच्या घरचे सारे सुखरूप राहिले, तो म्हणतो, देवाची कृपा म्हणून आम्ही वाचलो. ही दोन्ही वाक्ये इतकी रूढ झाली आहेत की उपदेशी घरांतही ती सहज ऐकू येतात. ब्रह्मविद्येच्या निकषावर मात्र दोन्ही टिकत नाहीत, आणि त्यांतले दुसरे वाक्य पहिल्यापेक्षाही अधिक विचार करावयास लावणारे आहे.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत, नित्य आहेत, हे शास्त्राचे प्रथम पाऊल होय. जीवाने केलेल्या कर्माची सुखदुःखरूप फळे देवतांच्या द्वारा भोगास येतात. पाऊस पडणे न पडणे, देहास व्याधी होणे न होणे, धन येणे जाणे हा सर्व त्या भोगाचा प्रांत आहे. परमेश्वराचे कार्य वेगळे आहे. त्याला व्यसन आहे ते जीवोद्धरणाचे. जीव अनादि अविद्येत बांधलेला आहे; त्याला ज्ञान द्यावे, प्रेम द्यावे, आपले सन्निधान द्यावे आणि शेवटी बंधनातून सोडवावे, यासाठी तो अवतार स्वीकारतो. तेव्हा पीक बुडाले म्हणून परमेश्वर कोपला असे म्हणणे हा देवतांचा व्यवहार परमेश्वराच्या माथी मारणे होय. आणि आम्ही वाचलो ती त्याची कृपा असे म्हणताना, ज्याच्या घरचा कर्ता गेला त्या शेजाऱ्यावर त्याची कृपा नव्हती असे न बोलता बोलले जाते. अनंत कृपाळू अशा परमेश्वरावर पक्षपाताचा आळ येतो, आणि दुःखात असलेल्या माणसाच्या जखमेवर मीठ पडते. बोलणाऱ्याच्या मनात तसे काही नसते, हे खरे. परंतु ऐकणाराच्या मनात ते जाऊन बसते.

येथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. पाऊस परमेश्वर देत नाही, दुखणे तो टाळीत नाही, तर कठीण वर्षाच्या शेवटी भक्ताने त्याचे उपकार म्हणून आठवावे तरी काय? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातला जो वासनिक खडी फोडण्याच्या कामावर जात होता आणि परदेशातून आलेल्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढीत होता, त्याला हा प्रश्न पोथीतला नव्हता, पोटातला होता. केवळ सिद्धांत ऐकवून त्याचे समाधान व्हावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. त्याचे उत्तर शोधण्यास पंथाच्या आद्य काळाकडेच गेले पाहिजे, कारण पंथावर आलेले पहिले कठीण वर्ष त्यानंतरच्या सर्व वर्षांहून कठीण होते.

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांनी त्यांच्यासाठी घर, गोत, विद्येचा मान सर्व सोडले होते, त्यांच्यापुढे आता श्रीमूर्तीच नव्हती. भिक्षान्न तेच होते, रान तेच होते, गोदातीरीची देवळे तीच होती. एवढे सर्व जागच्या जागी असून जे एक नव्हते त्यामुळे सर्वच शून्य झाले. आचार्य नागदेव म्हणजे भटोबास यांना झालेले दुःख पंथाच्या स्मृतीत फार खोल राहिले आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की परंपरेने या दुःखाला कोठेही दोष दिलेला नाही. ज्ञानी पुरुषाने रडू नये, असा शेरा त्यावर कोणी मारलेला नाही. उलट विरह हा असन्निधानातील आचार ठरला. परमेश्वर समोर असता सेवा आणि दास्य. तो समोर नसता स्मरण, अटन, विजन, भिक्षा आणि त्याच्या वियोगाची खंती. याचा अर्थ असा की उणीव जाणवणे हीच तेथे एक जोड झाली. ज्याला प्रेम मिळालेच नाही त्याला विरह होत नाही. म्हणून भटोबासांचे दुःख हे गेलेल्या कृपेचे नव्हे, मिळालेल्या कृपेचे प्रमाण होते.

स्वामींच्या आज्ञेप्रमाणे भटोबास आणि इतर भक्तजन रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस गेले. तेथे त्यांना पुन्हा सन्निधान लाभले, हा भाग सर्वांना परिचित आहे व येथे विस्ताराचे कारण नाही. विचारणीय आहे ते हे, की त्या विरहाच्या आणि सेवेच्या वर्षांत काय काय निर्माण झाले. सराळ्याचे म्हाइंभट एके काळी आपल्या पांडित्याचा अभिमान बाळगणारे गृहस्थ. तेच आता ज्याने ज्याने स्वामींना पाहिले त्याच्याकडे जाऊन, काय पाहिले, काय ऐकले, कोठे, कोणत्या वेळी, असे विचारू लागले. एकेक लीळा भटोबासांच्या समोर पारखून घेतली गेली. यातून लीळाचरित्र सिद्ध झाले. त्याच लीळांतून केशोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ लावला, दृष्टांत एकत्र केले. महदाइसेने श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने धवळे गाइले. स्वामी सन्निध असता यांतले काहीच लिहिले गेले नव्हते, आणि तशी गरजही कोणास वाटली नव्हती. मूर्ती डोळ्यांसमोर असता तिचे वर्णन कोण लिहून ठेवतो? आज ज्या वाणीच्या आधारे सर्व पंथ उभा आहे, ती वाणी त्या पोरकेपणात गोळा झाली.

मात्र येथून घाईने असा निष्कर्ष काढू नये की लीळाचरित्र व्हावे म्हणून वियोग झाला, आणि म्हणून तो चांगलाच झाला. दुःखामागून काही भले घडले की दुःखालाच भले म्हणण्याची एक खोड निरूपणात शिरते. भटोबासांना कोणी विचारले असते, की स्वामी हवेत की स्वामींचे चरित्र, तर त्यांचे उत्तर काय आले असते हे सांगावयास नको. वियोग हा वियोगच होता. फरक एवढाच, की त्या वियोगातही त्यांचा परमेश्वराशी असलेला संबंध तुटला नाही. तो डोळ्यांकडून स्मरणाकडे आला. ही जी संबंध टिकण्याची शक्ती, ती जीवाची स्वतःची नव्हे. जीवाचा स्वभाव विसरण्याचा आहे.

श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर भक्तजनांवर पुन्हा तोच प्रसंग आला. पुढे १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि काही वर्षांत यादवांचे राज्यच बुडाले. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथपरंपरा सांगते. एवढ्या कष्टाने जमविलेले धन एका धाडीत गेले. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून त्या पुन्हा लिहून घेतल्या गेल्या. म्हणून आज लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आढळतात, आणि त्यांतला एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. पाठभेदांची चर्चा अभ्यासकांनी करावी, ती आवश्यकच आहे. परंतु साधकाने त्या पाठभेदांकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. पोथी गेली त्या वर्षी ज्याच्या त्याच्या स्मरणात काय उरले होते, त्याची ती नोंद आहे.

हीच नोंद प्रत्येकाने आपल्या कठीण वर्षाची घ्यावयाची आहे. असन्निधानात साधकाच्या आधारासाठी स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक अशी चार साधने सांगितली आहेत. २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे सर्व व्यवहार थांबले तेव्हा या चारींपैकी पहिलेच साधन तुटले. महाराष्ट्रातील धर्मस्थळे बंद झाली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली; २०२१ च्या एप्रिलात पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, उघडली. रिद्धपूरच्या ओट्यांना वर्षानुवर्षे नेमाने विडा वाहणारांना त्या काळात घरातूनच दंडवत घालावे लागले. भिक्षुकांचे अटन थांबले. ज्या गावात झोळी घेऊन गेल्यावर दारे उघडत, तेथे दार लावून घेणे हाच त्या दिवसांतला धर्म होता, आणि त्याबद्दल कोणास दोष देता येत नाही.

तेव्हा उरले काय, याचा शोध घेतला तर प्रथम प्रसाद उरला. देवपूजेतील विशेष घरातच होते. आणि एरवी ज्यांना पूजेस पुरता वेळ मिळत नसे त्यांना त्या महिन्यांत तो मिळाला. नंतर वासनिक उरला. चार साधनांत वासनिकाची गणना का केली असावी, हे अशा वर्षी समजते. एरवी हे साधन सर्वांत हलके वाटते. स्थान पवित्र, प्रसाद पवित्र, भिक्षुक वंद्य, पण वासनिक म्हणजे तर आपल्यासारखाच प्रापंचिक मनुष्य. परंतु ज्या घरी माणूस गेले आणि शेवटचे दर्शनही झाले नाही, त्या घरी कोणी गुरुबंधूने दूरध्वनीवरून एक लीळा वाचून दाखविली असेल, एखादा प्रहर नामस्मरणास सोबत दिली असेल, तर कृपा तेथे त्या माणसाच्या मुखाने आली. ज्याच्याकडे असा कोणीच आला नाही, असेही वासनिक त्या वर्षी होते. ही पंथातील उणीव आहे, परमेश्वराची नव्हे. आणि वर्षाच्या हिशेबात ती आपल्याच नावे लिहिली पाहिजे.

ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याच्याशी बोलताना निरूपणकर्त्याने भटोबासांचे एक वर्तन डोळ्यांपुढे ठेवावे. केशोबासांसारखे विद्वान शिष्य जवळ असता, संस्कृतात रचना करण्याचे सामर्थ्य पंथात असता, त्यांनी ग्रंथ मराठीत राहावेत असा आग्रह धरला. कारण संस्कृतात गेल्याने साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया त्या लाभास मुकल्या असत्या. ज्ञान ज्याला द्यावयाचे त्याच्या आवाक्यात ते गेले पाहिजे, हा त्यातला करुणेचा भाग आहे. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या मातेपुढे चार पदार्थांचा विवेक मांडणे शास्त्रदृष्ट्या चूक नाही, परंतु त्या दिवशी ती भाषा तिच्यासाठी संस्कृतच असते. तिच्यापाशी बसावे. तिला जी लीळा आवडत असेल ती सांगावी. प्रपंचाचे दुःख आणि परमेश्वराच्या वियोगाचे दुःख ही दोन वेगळी आहेत खरी. पण पहिल्याने मऊ झालेल्या अंतःकरणात दुसरे केव्हा उगवते, हे बाहेरून कोणाला कळत नाही.

मग वर्षाचा हिशेब कसा घालावा? किती वाचले आणि किती गेले, या रकान्यांत तो बसणार नाही. कोणत्या संकटाच्या दिवशी नाम मुखात आले, कोणत्या रात्री झोप येईना तेव्हा एखादी लीळा आपोआप आठवली, कोणत्या क्षणी स्वतःच्या दोषाचा अनुताप झाला, एवढेच आठवून पाहावे. यादी लहान निघते. कित्येकांची दोन-तीन प्रसंगांचीच निघेल, आणि एखाद्याला सर्व वर्षात एकच घटका सापडेल, जिच्यात स्मरण होते की नुसती भीती होती हेही त्याला नक्की सांगता येणार नाही. तरी ती घटका त्याने लिहून ठेवावी. म्हाइंभटांना ज्यांनी लीळा सांगितल्या त्यांतल्या कित्येकांनी स्वामींना थोडाच वेळ पाहिले होते.

बंदी उठल्यावर अनेक कुटुंबे पुन्हा स्थानवंदनास गेली. त्यांतल्या काहींबरोबर पूर्वी येणारे एखादे माणूस या वेळी नव्हते. ओट्यावर त्याच्या वाट्याचा विडा कोणीतरी दुसऱ्याने वाहिला.